रकाना

मिसिसिपीतलं घर. चौकशीवाला
अर्नेस्टीनच्या टेबलावर फाइल उघडतो.
ऑगस्टचं वीजबिल, दोनशे बारा डॉलर.
कोणी भरलं?

ती म्हणते, दिवे आले.
आलेल्या उजेडाला कुणी नाव-गाव विचारतं का?

मग टायर. चार, नवे.
मग लेकाचा गुडघा... नाही,
गुडघ्याचा रकानाच नाही त्या कागदावर.

टव्हेरियस दारात,
चौकट डोक्याला लागू नये म्हणून किंचित वाकलेला.
शनिवारी ऐंशी हजार माणसं
त्याचं आडनाव ओरडली होती.

आणि हा फ्रीज?
जुनाच आहे, साहेब. बघा की उघडून.

तो उघडतो. आतला दिवा लागतो.
तळाला गेलेली मस्टर्डची बाटली,
टॉवेलात गुंडाळलेला बर्फ.

"कुठला गुडघा?"
तो विचारतो,
पेन खिशाला लावत.