ओट

बडोद्याला समुद्र नाही.
हे मी काळ्या घोड्याजवळच्या पुलावर उभी राहून सांगते.
खाली विश्वामित्री, अंगावर शेवाळ ओढलेली,
काठावर मगर, महापालिकेनं विसरलेल्या पाइपासारखी.
हीच नदी पुढे ढाढरला मिळते, ढाढर उतरते आखातात.
मगरीनं मनावर घेतलं असतं
तर आमच्या आधी पोचली असती.

आम्ही गेलो बसनं. हेरंब दिघे, मी
आणि खात्याची लोखंडी पेटी,
जिचं कुलूप कायम हेरंबच्या खिशात
आणि किल्ली कायम बडोद्यात.

दहेजला जीवा टंडेल शीड शिवत बसला होता.
बेसो, म्हणाला, हजी ओट छे.
ओट म्हणजे ओहोटी.
भरतीला तो भरतीच म्हणतो, आपल्यासारखी.
ओहोटीतला मधला हो मात्र त्याच्याकडे नाही,
कुठल्या पाण्यात गळला कोण जाणे.
हो गळला की आपल्याकडे ओटी उरते,
त्याची तर वेलांटीही वाहून गेलेली.
तीन पिढ्या आम्ही या गावात,
भाजीवालीशी गुजराती, देवाशी मराठी,
आणि तो हो मला पहिल्यांदा दिसला
त्या धक्क्यावर, नसलेला.

पहिला मुक्काम घोघा. पडका कोट, बकऱ्या,
एक म्हातारी भिंतीला शेणी थापत होती
आणि आम्ही त्याच भिंतीचं माप घेत होतो.
तिनं टेपचं दुसरं टोक धरलं, न विचारता.

दुसरा खाडीतून आत, मग उंटगाडीनं:
भाजक्या विटांचा मोठा चौकोन.
ही गोदी की तळं, यावरून
हेरंब आपल्या गुरूंशी अठरा वर्षं बोलत नव्हता.
समुद्र तिथून कधीच उठून गेलेला,
चहा न घेता पाहुणा जातो तसा.

तिसऱ्याला पोचलोच नाही.
कुणी खालून बूच काढावं तसं पाणी उतरलं,
मचवा चिखलावर कुशीला झाला
आणि आम्ही सहा तास तिरके बसलो.
तिरके जेवलो. जीवानं थालीपीठ उन्हाला धरलं,
मधली भोकं मोजली,
म्हणाला, यात पाणी शिरणार.
हेरंब इतका हसला की मचवा आणखी कलला.

हात पोचेल एवढ्यावर चिखलात खापर होतं,
काठाचा तुकडा, नखाएवढा.
माझं आयुष्यभराचं काम तेच:
काठ वर्तुळांच्या कागदावर ठेवायचा, सरकवत न्यायचा,
वाक जुळला की तोंड केवढं ते कळतं,
तोंडावरून पोट, पोटावरून बूड.
तुकडा फारच लहान असला
तर शेजारी पेन्सिलीनं लिहायचं, अंदाजे.
हा लहानच होता. पेटी उघडत नव्हती,
म्हणून रुमालात बांधला.

आता दांडिया बाजारच्या खोलीत
तो टेबलाच्या खणात असतो, सेफ्टीपिनांत.
पावसाळ्यात खण फुगतो, उघडत नाही.

हेरंब मुलाकडे असतो, नाशिकला.
माणसं विसरतो, जेवलो का ते विसरतो.
रविवारी फोन करतो, अगदी दुपारी,
आणि दर वेळी तेच विचारतो:
काय गं, तिसऱ्याला आपण पोचलो होतो ना?

पलीकडून पंख्याचा आवाज येत राहतो.
पाणी उतरतं त्याला वेळ लागत नाही, तसा तो थांबतो,
तिरका, वाट बघत.

हो, मी म्हणते.
हो.