चळत

मरोळच्या तिसऱ्या मजल्यावर, रात्री साडेनऊला,
मी लिहिलं : ब बरोबर अ.
एक ओळ. वाटलं, झाली कॉपी.
मग ब मधून वरचं वरचं काढत गेले, तपासायला,
आणि तळ लागला तेव्हा
अ सुद्धा रिकामी.

तुस्कानो मॅडमनी खुर्ची ओढली.
"नाव दुसरं ठेवलंस, बाय. वस्तू तीच."

खाली कॅन्टीनमध्ये भोजराज ताटं पुसून रचत होता.
मॅडम म्हणाल्या, ही चळत त्या टेबलावर ने,
एका वेळी एकच, वरूनच.
नेली. तळाचं ताट वर आलं.
"उलटली ना? आता तिसरं टेबल घे."
भोजराज बघत राहिला,
शिकलेल्या बायका ताटं कशाला नाचवतायत.

पण हीसुद्धा नुसती हलवाहलव.
कॉपीला दुसरी ताटं लागतात,
तेवढीच, त्याच क्रमाने,
पोचा आलेलं सातवं धरून.
"आणि ताटात वाटी असेल तर वाटीही नवी.
वाटीत काही असेल तर तेही.
कुठे थांबायचं, ते तू ठरव."

मी थांबले ती थेट विक्रोळीला.
कन्नमवार नगरातली खोली. साकीनाक्याच्या चावीवाल्याने
चाळीस रुपयांत दुसरी किल्ली घासून दिलेली.
एक निनादकडे, एक माझ्याकडे.
दोन किल्ल्या म्हणजे दोन घरं
असं कुणी म्हणालं नव्हतं, मीच धरून चालले.
वेगळी झाल्यावर दर शनिवारी थोडंथोडं नेलं :
वरच्या चादरी, मग पुस्तकं, मग मिक्सर,
शेवटी तळाचा शालू,
जो सगळ्यात आधी ठेवला होता.
रविवारी त्याचा फोन :
"घर रिकामं झालं गं."
माझ्या हिशेबात मी माझ्यातलं काढत होते.

पहाटे कोड चालला.
ब पार उपसली, तरी अ काठोकाठ.
भोजराजला सांगितलं.
तो म्हणाला, चहा की कॉफी?

किल्ली अजून पर्समध्ये आहे.
मार्चमध्ये निनादने खोली सोडली, मालकाने कुलूप बदललं.
मजला तोच, किल्लीचे दात तसेच,
ती अजून त्याच दाराकडे बोट दाखवते
आणि आत दुसऱ्याच कुणाची ताटं.
मॅडम म्हणतात, अशी नावं वेळेवर पुसावीत,
नाहीतर भलत्याच क्षणी सगळं कोसळतं.

पुसते.
उद्या.