टपालपेटीपर्यंत

काउंटीच्या माजी सैनिक कचेरीतून मिस ओबर्ग आली,
बूट दारातच काढून.
मोज्याला अंगठ्याशी भोक होतं,
ते तिनं लपवलं नाही, म्हणून मला आवडली.
मी कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला.
तिनं टेबलावर अर्ज पसरला
आणि वळणाऱ्या कोपऱ्यावर माझी मीठदाणी ठेवली.

'अर्जदार घराबाहेर किती वेळा जातो?
कशासाठी? किती लांब?'

"रोज," आर्व्हिड म्हणाला,
खुर्चीत ताठ, जणू हजेरी चालली आहे.
"रोजचं टपाल मीच आणतो."

तिचं पेन थांबलं.
"मिस्टर कोस्केला, हे मी लिहिलं
तर तिकडे कुणीतरी वाचेल,
म्हणेल, माणूस हिंडता-फिरता आहे,
आणि पुढची फाइल ओढेल."
"मग लिही," हा म्हणाला, "हिंडता-फिरता."

फ्रिजची घरघर. तिच्यामागे यंत्राची,
जे हवेतली हवा वेचून
हिरव्या नळीतून याच्या नाकाशी पोचवतं.
नळी पन्नास फूट.
पलंगापर्यंत पुरते. न्हाणीघरापर्यंत पुरते.
पोर्चच्या तिसऱ्या फळीपर्यंत, वेताच्या खुर्चीशी,
जेमतेम.
टपालपेटी रस्त्याला, भूर्जांच्या रांगेपलीकडे.
परसातली सौना त्याहून कितीतरी जवळ,
तिच्या दाराला दोन हिवाळे कुलूपही लावलेलं नाही,
बर्फच पुरतो.

बोलावं मलाच लागणार होतं.
पंचावन्न वर्षांत याचं एकही खोटं
मी चारचौघांत उघडं पाडलं नव्हतं,
मासा केवढा होता, तेसुद्धा नाही.

"टपाल मी आणते," म्हणाले.
"दुपारी, याचा डोळा लागला की.
पोर्चवरच्या खुर्चीत ठेवते, वर दगड.
मग हा उठतो, दार उघडतो,
घेऊन येतो आत,
आणि सांगतो, आज नुसती बिलंच."

पावाचा चुरा बोटानं गोळा करत राहिले.
मान वर होईना.

"ठाऊक आहे," आर्व्हिड म्हणाला.
"तिकडे माझं कामच ते. सगळ्यांच्या पुढे चालायचं,
चिखलात कुणाचा पाय पडलाय ते वाचायचं.
बर्फ तर चिखलाहून सोपा.
तुझा डावा बूट बाहेरच्या अंगानं झिजलाय.
गेल्या महिन्यात भूर्जांपाशी पडलीस,
पंजा उमटला होता.
पाखरं बघायच्या दुर्बिणीतून दिसला."
श्वास घ्यायला थांबला.
"वाटलं, सांगशील."
"मला वाटलं, तू विचारशील."

मिस ओबर्ग पावाकडे बघत होती.
कुठे बघू नये, हेही शिकवत असतील त्या कचेरीत.

मग त्यानंच सांगायला सुरुवात केली,
एकेक शब्द, मध्ये नळीची फुसफुस:
"लिही. घराबाहेर, नाही.
शेवटचं, ऑक्टोबरात, दवाखान्यात,
तेही खुर्चीसकट दोघांनी उचलून."
"कायमचं?" तिनं विचारलं. तसा रकाना होता.
यानं मान हलवली.
मानेला रकाना नसतो. ती थांबून राहिली.
बाहेर प्लाऊची गाडी गेली, कपातली कॉफी थरथरली.
"हो. लिही कायमचं."

अजून डॉक्टरची सही व्हायची आहे.
मग महिने लागतील, ती म्हणाली,
आणि नाहीसुद्धा म्हणतील, आधीच सांगून ठेवते.
उरलेला पाव मी तिच्याबरोबर बांधून दिला.

आज दुपारी त्याच्यादेखत बूट चढवले.
परत येताना हातात बियाण्यांची एक जाहिरात,
बाकी काही नाही.
तो खिडकीशी, नळी खांद्यावरून मागे टाकलेली.
भूर्जांपाशी आले, तर काचेआड त्याचा हात वर गेला,
मूठ मिटलेली.
थांब.
मग एक बोट, डावीकडे.
बर्फाखाली काय होतं, मला दिसलं नाही.
मी डावीकडून गेले.