पेन्सिलनं

स्किप्टनच्या दवाखान्यात अर्नेस्ट थ्वेट येतो,
दोन्ही हातांवर मॉस, जुन्या टॉवेलात.
सतरा वर्षांची.
मी फाइल काढते. लग्नाच्या अल्बमएवढी जाड.
सहा दात काढले, मूत्रपिंडाचं पथ्य,
हृदयाची अर्धी गोळी,
सांध्यांसाठी महिन्याची सुई.

"बापाच्या वेळी," तो म्हणतो, "मेंढरांमागचं कुत्रं
आठ वर्षं, फार तर नऊ.
डिस्टेंपर आला की गोठ्यामागे फावडं.
डॉक्टर यायचा तो गाईसाठी."

मॉसला आता शिट्टी ऐकू येत नाही.
तरी तो वाजवतो, ओठांतल्या ओठांत,
आणि ती त्याच्या बाहीचा वास घेऊन
मान वळवते. भिंतीकडे.

वर्षं आम्ही वाढवली, हे खरं.
पण जोडली शेवटाला,
वाढत्या मुलीच्या परकराला
आईनं खाली पट्टी लावावी तशी.
रंग थोडा वेगळा.
टेकडी चढायची वर्षं होती तेवढीच राहिली.

सुई टोचताना तो तिचा कान धरून असतो.
ती हलत नाही. तो हलतो.

"पुढच्या महिन्याची तारीख लिहू?"
तो चष्मा पुसतो,
कॅलेंडरवरच्या मेंढ्या बघतो बराच वेळ.
"लिही," म्हणतो. "पेन्सिलनं."