एक जून

लाखनीच्या शाखेत मार्च संपायला आला की
आम्ही पंखा बंद करतो,
कागद उडू नयेत म्हणून.
यंदा कागद नव्हते. पंखा तरी बंदच,
सवयीनं.

नागपूरहून आलेला देवांशू बोपचे
लॅपटॉप उघडून बसला रोकड-खिडकीच्या मागे,
जिथं पूर्वी डोंगरवार साहेबांची पिकदाणी असायची.
म्हणाला, मॅडम, अहवालाला आता
एकवीस दिवस नाही लागणार. एक दुपार लागेल.
मी म्हटलं, बरं. चहा घेता?

एकवीस दिवस म्हणजे काय ते मला ठाऊक:
सत्तावीस गावांचे हप्ते, तीन रंगांच्या पावत्या,
आणि ताळमेळ न लागणारे दोनशे छत्तीस रुपये
ज्यांच्यासाठी मी एका वर्षी
बहिणीच्या मुलीची हळद चुकवली.
यंदाचे दोनशे चाळीस त्याच्या यंत्राला
चहा निवायच्या आत सापडले.
साकोलीच्या टेंभरेंचा हप्ता
टेंभुर्णेंच्या नावावर चढलेला.
मला आनंद झाला. थोडा रागही आला.

मग तो थबकला.
पडद्यावर वर्षभराच्या तारखा आडव्या मांडलेल्या,
प्रत्येक तारखेवर एक काडी,
त्या दिवशी जन्मलेले जितके, तितकी उंच.
सगळं रोवणी झालेल्या बांधीसारखं, गुडघाभर,
आणि मध्येच एक ताडाचं झाड.
एक जून.
चार हजार अकरा विमाधारकांपैकी
तेराशे सव्वीस एकाच दिवशी जन्मलेले.

"फ्रॉड," तो हळूच म्हणाला, भिंतीआड कोणी असल्यासारखा.
"हे वर कळवावं लागेल."

मला हसू आवरेना.
मनिराम शिपायानं दारातून डोकं घातलं,
"काहून हासून राहिल्या जी बाई?"
त्यालाच विचारलं, तुमची जन्मतारीख?
"एक जून. काहून?"

अरे बाबा, हा गुन्हा नाही, हे गुरुजी आहेत.
शाळेच्या ओसरीत पोरगं उभं करायचं,
उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचा;
पोचला हात, तर सहा वर्षं पुरी.
आई म्हणायची, मोहफुलं वेचायच्या दिवसांत झाला,
बोडी फुटली त्याच्या पुढल्या साली.
रजिस्टरात मोहफुलांचा रकाना नव्हता.

देवांशूनं मान हलवली आणि आकडे लावले.
वय दोन वर्षांनी इकडंतिकडं झालं
तर दायित्व किती चढतं, राखीव निधी किती कमी पडतो,
लाखांत बोलत होता तो.
आमच्या कानांची किंमत ताळेबंदात धरताना
मी पहिल्यांदाच पाहत होते कुणाला.

एप्रिलभर, आणि मेचे काही दिवस,
त्याच्या गाडीवर मागे बसून हिंडले,
मुरमाडी, किटाडी, पालांदूर.
यंत्रात नवा रकाना केला, 'सांगितलेला काळ':
मोहफुलं. चुरणा चालू असताना.
मंडईच्या रात्री, नाटकाच्या दुसऱ्या अंकात.
पालांदूरच्या गीराबाई कापगते म्हणाल्या,
"माहं मरन बराबर लिहा म्हंजे झालं,
जनमाचं मले काय करा लागते!"
ते कुठं भरायचं देवांशूला कळेना.
शेरा म्हणून टाकलं.

अहवाल वेळेत गेला. ताडाचं झाड
पुरतं नाही पडलं, बुंधा उरला साडेतीनशेचा.
ज्यांना सांगणारं कुणी राहिलं नाही
ते सगळे तिथं.
खाली टीप, बारीक अक्षरात: काही जन्मतारखा अंदाजे.

त्या बुंध्यात मीही आहे.
येत्या एकतीस मेला निवृत्त होतेय
गुरुजींच्या हुकुमानं.
आई एवढंच म्हणायची,
तू झालीस तेव्हा दारात कुणीतरी धान पाखडत होतं.
"मग कोणता महिना धरू, मॅडम?"
धान तर आमच्याकडे बाराही महिने पाखडतात.
मी म्हटलं, आधी तो पंखा लाव.