घर ओढून नेताना

दाल्कावेच्या धक्क्यावरून बोट सुटते तेव्हा
भोंग्यानं माझ्या खिडकीची काच थरथरते.
रायेन दचकते, अजूनही.
पण आता विचारते, "बोट ना?"
मी म्हणते, "बोटच."

पहिले सहा मंगळवार ती टेबलाखाली होती.
मीही बूट काढून जमिनीवर बसले,
तिला दार दिसत राहील इतकी बाजूला.
इतकं गप्प बसायला मला कुणी शिकवलं नव्हतं.
शिकवलेलं सगळं फायलीत होतं:
श्वास मोजा, रंग द्या, बाहुल्या द्या,
घाई करू नका.
शेवटचं तेवढं कामाला आलं.

मग आम्ही "नको"ची तालीम केली.
बिस्किट? नको.
खिडकी लावू? नको.
हिरवा खडू? नको.
मी गाऊन दाखवू?
यावर ती आधी हसली, मग म्हणाली, नको नको.
नऊ वर्षांच्या तोंडात तो शब्द
नुकत्या फुटलेल्या दातासारखा,
जीभ सारखी तिथंच जायची
आहे ना, बघायला.

चौदाव्या मंगळवारी मी चुकले.
चित्र छान झालंय म्हणता म्हणता
हात तिच्या खांद्याकडे गेला.
"नको."
या वेळी न हसता.
मी हात मागे घेतला, मांडीवर ठेवला.
कुणी ओरडलं नाही, कुणी रुसलं नाही,
"काही सांगायची सोय नाही हिला" असंही कुणी म्हणालं नाही.
ती कितीतरी वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली,
हाक मारल्यावर खरोखर मागे फिरलेल्या
अनोळखी कुत्र्याकडे बघावं तशी.

वाळूच्या ट्रेमध्ये तिचं एक घर होतं,
काडेपेटीचं, चार काड्यांवर उभं.
दर आठवड्याला ती ते पुरायची.
मी कधी उकरलं नाही.
ट्रे तसाच कपाटात, कुलूप तिच्यासमोर,
किल्ली कुठे ठेवते तेही तिच्यासमोर.

ऑक्टोबरात एकदा वाळू थोपटत म्हणाली,
"आजोबांनी घर ओढून आणलं होतं, माहितेय?
जमीन वाईट निघाली तर घर मोडत नाहीत आमच्याकडे.
खाली ओंडके घालतात, बैल जुंपतात,
सगळं गाव दोर धरतं."
"आणि आतलं सामान?"
"दारं-खिडक्या आधी काढतात, नाहीतर काचा फुटतात.
चूल काढतात.
मुलांना शेजाऱ्यांकडे ठेवतात."
वाळूवरचा हात थांबला.
"मला कुणी ठेवलं नव्हतं."

ते वाक्य मला लिहावं लागलं,
तारीख घालून, शिक्का मारून, योग्य त्या टेबलावर.
पण ते नंतर.
तेव्हा फक्त म्हणाले, "ऐकलं मी."
आणि ती म्हणाली, "बैल आहेत का तुझ्याकडे?"

एकच होता. शिवाय एक मेंढी,
शेपूट तुटलेला डायनोसॉर,
आणि सुतळी.
दोर धरायला माणसं कमी पडली, म्हणून
अग्निशमन दलाचा जवान, तीन बटणं, एक शिंपला,
आणि आजोबा एलिसेओंच्या खिशातलं बाटलीचं बूच.
एक टोक तिनं माझ्या हातात दिलं.
"मी ओढ म्हटलं तरच ओढायचं."
"बरं."
"ओढ."
घर बोटभर सरकलं आणि कलंडलं.
डायनोसॉरही पडला.
तिनं आधी डायनोसॉर उभा केला, मग घर.
"आज एवढंच," ती म्हणाली.

निघताना काडेपेटीचं दार टेबलावर ठेवून गेली,
नखाएवढा पुठ्ठा.
घर पोचलं की लावायचंय म्हणे,
कडी आतून.

अजून तिथंच आहे तो, पेपरवेटखाली.
झाडायला येणाऱ्या सेन्योरा ओर्तेन्सियांना मी
दोनदा सांगून ठेवलंय,
कचरा नाही तो.