काटा

सोहारच्या प्लांटवर समुद्रातलं मीठ काढतात
आणि मी एकोणीस वर्षं
दर दोन तासांनी काटे वाचतो.
साठ बार. एकसष्ट. ठीक.
चौसष्टला टेकला की फोन उचलायचा,
व्हॉल्व्ह सैल करायचा, वहीत लिहायचं.

मेडिकलच्या दिवशी शीजा सिस्टरने
दंडाला पट्टा आवळला,
हवा भरली, सोडली,
काही न बोलता परत भरली.
"गवाली," (घवाळी तिला जमत नाही)
"वरचा एकशे अठ्ठावन्न, खालचा अठ्ठ्याण्णव."
मी म्हटलं, मशीनचं कॅलिब्रेशन कधी झालंय?
ती हसली नाही.

डॉक्टर सुदानी. त्याची हिंदी मोडकी, माझी गंजलेली.
मीठ विचारलं. आता समुद्राचं निघतं,
डब्यातल्या सुकटाचं कसं निघावं?
सिगारेट विचारली. बाप कशाने गेला विचारलं.
मग पेन खाली ठेवून म्हणाला,
झोप?
होते की.
किती?

सहाला ड्युटी सुटते. बस. सातला कॅम्प.
गावाकडे तेव्हा साडेआठ,
मालनचा फोन: पोरीची फी, पडवीचा पत्रा,
शेजाऱ्याने सरकवलेला बांध.
मग अंथरुणात दुसऱ्यांची लग्नं बघत
अंगठा वर, वर, वर.
नऊला डोळा लागतो.
दहाला जरवलीचा गजर, पश्तूत.
अकराला टेकनाथची फोडणी.
बाराला ऊन पडदा भेदून थेट पापणीवर.
झोपेचं खोबरं, तेही किसलेलं.
चार तास. बहुतेक साडेतीन.

रात्रीचा दिवस केला, असं कौतुकाने म्हणतात आपल्यात.
मी केला, एकोणीस वर्षं.
दिवसाची रात्र करायची मात्र राहून गेली.

डॉक्टर म्हणाला, झोपेत प्रेशर जरा खाली उतरतं,
तुझ्याला उतरायला जागाच नसेल.
गोळी देतो. गोळी रोज घ्यायची.
पण झोपही नीट लाव, उतरेल कदाचित.
कदाचित, हे तो दोनदा म्हणाला.
खोटं न बोलणारा माणूस.

सूकमधून चार मीटर काळं कापड आणलं.
शिंपी विचारतो, अबाया?
नाही रे, बंकला लावायचंय.
खिडकीला चांदीचा कागद, बिर्याणीच्या पार्सलचा.
पहाटे तीननंतर करक चहा बंद.
सुट्टी असली तरी झोपायची वेळ तीच
(हे सगळ्यात अवघड, शुक्रवारी क्रिकेट असतं).
फोन तांदळाच्या डब्यात.
जरवलीने काही न सांगता
चपला दाराबाहेर काढायला सुरुवात केली.

मालनला म्हटलं, सकाळी नको, चारला करत जा.
ती गप्प.
मग, "तुम्हाला काय झालंय?"
सांगावं लागलं. आकड्यांसकट.
पुन्हा गप्प. मागे कोंबडा अवेळी आरवला.
मग म्हणाली, मीही दोनला जागी होते,
पंख्याकडे बघत पडते उजाडेपर्यंत.
कधीपासून?
तुम्ही नाईटला लागलात तेव्हापासून.

अख्ख्या प्लांटचे काटे पाठ असलेल्या माणसाला
घरातला हा एक माहीत नव्हता.
गुरुवारी ती उपकेंद्रात जाऊन आली.
तिचा आकडा मी वहीत लिहिलाय,
माझ्या आकड्याशेजारी.

दीड महिना झाला.
एकशे सेहेचाळीस. मग एकशे बावन्न
(त्या आठवड्यात पंप बसला होता).
काल एकशे अडतीस.
गोळीने की कापडाने, सिस्टरला विचारलं.
ती म्हणाली, दोघांना विचारा.
यावेळी हसली.

आता अकरा वाजलेत. बाहेर पंचेचाळीस डिग्री,
आत माझी चार मीटरची रात्र.
डब्यात फोन वाजतो,
तांदूळ थरथरतात.
वाईट बातमी असेल तर लागोपाठ दोनदा, असं ठरलंय.

वाजून थांबला.
मी थांबतो.
टेकनाथ कांदा चिरतोय, हळू,
दाराआड.
एकदाच वाजला.
कूस बदलतो.